हरवलेली चाल: एका माझदा एमएक्स-५च्या शॉकअबचं प्रकरण

गाडी आमच्या विक्रोळीच्या गाळ्यात आली तेव्हा पुढच्या जाळीत दसऱ्याच्या हाराचा तुकडा अजून लटकत होता. डॉक्टरांनी ती दारातल्या उंबऱ्यावरून आत घेतली आणि मागून ‘टक्’ असा कोरडा आवाज आला. मामांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मामा म्हणजे आमचे मिस्त्री. आधी फियाट, मग मारुती, आता जे येईल ते. ते एवढंच म्हणाले, “हे रबरावर नाही आपटत. लोखंडावर लोखंड आहे.”

गाडी माझदा एमएक्स-५, २००३ची, दुसऱ्या पिढीतली. दोन सीट, १.८ लिटरचं इंजिन, मागच्या चाकांवर चालणारी, चारही चाकांना दुहेरी विशबोन, म्हणजे चाक धरणारे दोन आर्म, एक वर एक खाली. वजन हजार-अकराशे किलोच्या दरम्यान, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर फक्त २,२६५ मिमी. माझदाने ही गाडी भारतात कधी विकली नाही. डॉक्टर २००५ साली लंडनहून कायमचे परतले तेव्हा घरसामानाबरोबर ती मुंबई बंदरात उतरली आणि तेव्हापासून पार्ल्यातल्या सोसायटीत आच्छादनाखाली राहते. ओडोमीटरवर ५४ हजार, आणि तेही मैल. डॉक्टर दातांचे आहेत, त्यामुळे ‘दुखतंय कुठे’ हे नेमकं सांगणारा गिऱ्हाईक आम्हाला मिळाला.

तक्रार अशी. पुढून गाडी दगडासारखी कडक. मागून प्रत्येक स्पीडब्रेकरला आपटते. ईस्टर्न फ्रीवेवर पुलाच्या जोडांवरून जाताना गाडी एका लयीत टुणटुणते आणि तिसऱ्या-चौथ्या जोडाला स्टिअरिंग हलकं लागतं. शिवाय वहिनी दसऱ्याला खंडाळ्यापर्यंत जाऊन आल्या त्या पुन्हा या गाडीत बसायला तयार नाहीत. “तुम्ही व्हा पुढे, मी रिक्षाने येते,” असं त्यांचं उत्तर आहे, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या मते या कामाची खरी कसोटी तीच होती.

उपायही डॉक्टर बरोबर घेऊन आले होते. त्यांच्या एका मित्राकडे जपानी कॉइलओव्हरचा, म्हणजे शॉकअब आणि त्यावरच बसलेल्या, उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंगचा, न वापरलेला सेट पडून होता. पुढच्या स्प्रिंगा मिलिमीटरला ८ किलोच्या, म्हणजे एक मिलिमीटर दबायला ८ किलो लागणाऱ्या, मागच्या ६ च्या, वर कडकपणा बदलायला बत्तीस क्लिकची घुंडी. “एवढा बसवून द्या. शॉकअब गेलेत, नवे घालायचेच आहेत, तर चांगलेच घालू.” चहाच्या टपरीपासून इंटरनेटपर्यंत सगळीकडे मिळणारा सल्ला हाच असतो: गाडी आपटते, हार्ड करून घ्या.

मी दोन दिवस मागितले.

जॅक लावण्याआधी

पहिली गोष्ट फुकटातली. टायरमधली हवा मोजली. तीन चाकांत ३५, चौथ्यात ३७. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर कंपनीने लिहिलंय २६. हलक्या गाडीला एवढीच लागते. पण पंपावरच्या पोराला एर्टिगा काय आणि एमएक्स-५ काय, आकडा पस्तीसच. इतक्या हवेला टायर स्वतः दबतच नाही आणि रस्त्याची प्रत्येक खडी थेट वर येते. हवा २६ वर आणली आणि डॉक्टरांना कांजूरपर्यंत चक्कर मारून यायला सांगितलं. परत आले ते खुशीत. बारीक खडखड बरीच गेली होती. आपटणं मात्र तसंच होतं.

टायरच्या बाजूवर शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. हे टायर सात वर्षांचे निघाले. नक्षी भरपूर, रबर वाळून कडक. ते बदलायच्या यादीत गेले.

मग सगळे करतात ती चाचणी: कोपऱ्यावर जोर देऊन गाडी दाबायची, सोडायची, किती वेळा हलते बघायचं. पुढचा कोपरा जेमतेम हलला. डॉक्टर म्हणाले, “म्हणजे पुढचे शॉकअब चांगले आहेत?” इथेच ही चाचणी फसवते. शॉकअब चांगला असेल तर गाडी खाली जाते आणि एकदाच वर येऊन थांबते. ही खालीच जात नव्हती. आधीच कशावर तरी टेकून बसलेल्या गाडीला दाबून काय कळणार? मागे उलट. दाबलं की थोडी खाली, मग तोच ‘टक्’.

तिसरी गोष्ट उंची. ती जमिनीपासून मोजली तर टायरची हवा आणि झीज मधे येते, म्हणून चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतात. चारही कोपरे मूळ उंचीपेक्षा साधारण ३५ मिमी खाली होते. विचारल्यावर डॉक्टरांना आठवलं. चार वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये ‘लुकसाठी’ आखूड स्प्रिंगा घातल्या होत्या. शॉकअब जुनेच ठेवले, त्यांना हात लावला नाही. त्या गॅरेजवाल्यालाही फार दोष देता येत नाही. त्याला गाडी खाली करायला सांगितली, त्याने केली.

आणि चौथी गोष्ट, जिला दोन रुपये लागतात. शॉकअबच्या चकचकीत दांड्यावर एक प्लास्टिकचा केबल टाय घट्ट बसवायचा. गाडी दबली की शॉकअबची नळी तो वर ढकलते, गाडी उठली की टाय तिथेच राहतो. दांडा किती आत गेला याचा हिशेब हातात मिळतो. चारही दांड्यांना टाय लावले आणि मी स्वतः विक्रोळी ते पवई जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने) जाऊन आलो, कुठेही घाई न करता. परत येऊन चाकं काढली. पुढचे दोन्ही टाय थेट बंपस्टॉपवर दाबून बसले होते. मागचे दोन दांड्याच्या वरच्या टोकाला होते, जिथे बंपस्टॉप असायला हवा होता. तिथे पिवळसर भुगा होता.

बंपस्टॉप म्हणजे दांड्याच्या वर बसवलेला फेसाळ पॉलियुरेथेनचा ठोकळा. गाडी पूर्ण दबली तर शेवटचा मार तो घेतो. पुढचे ठोकळे शाबूत होते, पण गाडी उभी असतानाच नळी आणि ठोकळा यांत ४ मिमी फट. म्हणजे पुढची गाडी स्प्रिंगवर नव्हे, ठोकळ्यावर चालली होती, आणि ठोकळा दाबला की पटकन कडक होत जातो. म्हणून तो दगडासारखा अनुभव. मागचे ठोकळे चार वर्षं हेच करून भुगा झाले होते. त्यांच्यानंतर धातू धातूला भिडायला दांड्यावर २२ मिमी उरले होते. उजव्या मागच्या शॉकअबमधून तेलही पाझरत होतं. मामांचं निदान बरोबर निघालं, आणि तसं त्यांनी दिवसभर ऐकवलं.

शॉकअब नावाचा गैरसमज

आपण ज्याला शॉकअब म्हणतो, तो धक्का शोषत नाही. धक्का स्प्रिंग घेते आणि उसना घेतल्यासारखा परत देते. शॉकअबचं काम त्या परतफेडीला लगाम घालायचं. आत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि त्यांवर पातळ पत्र्यांच्या झडपा. तेल भोकांतून जाताना हालचालीची उष्णता होते. खराब रस्त्यावर अर्धा तास चालवून आलेल्या गाडीच्या शॉकअबला हात लावून बघा. दबताना लागणारा विरोध वेगळा, उलगडताना लागणारा वेगळा, आणि बहुतेक शॉकअबमध्ये उलगडतानाचा जास्त ठेवलेला असतो.

शॉकअब असा एका विशिष्ट स्प्रिंगच्या जोडीने बनवलेला असतो. स्प्रिंग कडक केली आणि शॉकअब तोच ठेवला, तर लगाम कमी पडतो. फ्रीवेवरची टुणटुण तीच. आणि गाडी खाली केली की दबायला उरलेली जागा जाते. या जागेला मी ‘चाल’ म्हणतो, पिस्टनच्या चालीवरून. डॉक्टरांच्या गाडीत कडकपणा कमी नव्हता. चाल संपली होती.

हे त्यांना पटवायला कागद घेतला. माळ्यावर मूळ स्प्रिंगा आहेत का, असं सहज विचारलं, तर होत्या. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून. पार्ल्याच्या घरांत कुठलीच वस्तू टाकत नाहीत, या सवयीचे मी त्या दिवशी मनातून आभार मानले. प्रेसवर दाबून पाहिल्या तर पुढची मिलिमीटरला २.९ किलो घेत होती. गॅरेजवाल्याने घातलेली ३.८.

स्प्रिंग चाकाच्या वर नसते. ती आर्मवर आतल्या बाजूला बसते. या गाडीत चाक १० मिमी हललं की शॉकअब साधारण साडेसात मिमी हलतो. चाकाला जाणवणारा कडकपणा या गुणोत्तराच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे स्प्रिंगच्या साधारण ५५ टक्के. पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगने पेललेलं वजन २४० किलो धरलं, तर मूळ स्प्रिंगवर गाडी सेकंदाला सुमारे १.३ वेळा झुलते. आखूड स्प्रिंगवर १.५ च्या आसपास. मित्राच्या कॉइलओव्हरवर २.१ च्या पुढे. रोजच्या वापरातल्या गाड्या एक ते दीडमध्ये असतात. दोनच्या वरचं जग ट्रॅकचं, जिथलं डांबर कोणी महिन्याला खोदत नाही.

डॉक्टर कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, “म्हणजे रूट कॅनालच्या जागी मी दात काढायला निघालो होतो.” उपमा त्यांची, मी फक्त नोंदवतोय.

कॉइलओव्हर वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. उंची आणि चाल वेगवेगळी जुळवता येते असा सेट असेल, स्प्रिंगा ४-५ किलोच्या असतील, तर मी तो आनंदाने बसवतो. पण मुंबईत स्पीडब्रेकर म्हणजे काय? इंडियन रोड काँग्रेसच्या जुन्या नियमानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असायला हवा, म्हणजे ताशी २५ किमीने गाडी त्यावरून सुखाने जाते. तसा उंचवटा मला शहरात शोधावा लागतो. प्रत्यक्षात सापडतात ते सोसायटीच्या गेटवरचे सिमेंटचे उभे कट्टे, आणि शाळेसमोर ओळीने ठोकलेल्या पिवळ्या-काळ्या रबरी पट्ट्या. वर पावसाळ्यानंतरचे पेव्हर ब्लॉक, एक वर एक खाली. इथे चाकाला वर-खाली जायला मोकळी जागा लागते. ती असेल तर साधा शॉकअबही बरा चालतो.

काय घालायचं ठरलं

मूळ स्प्रिंगा परत. नवे टॉप माउंट, म्हणजे शॉकअबचं वरचं टोक गाडीला धरणारे रबरी भाग, कारण जुन्यांचं रबर मार खाऊन फाटलं होतं. बंपस्टॉप चांगल्या प्रतीचे पण आखूड, ३६ मिमीचे. मूळ ठोकळा ६० होता. आणि शॉकअब कोनी कंपनीचे, पिवळे, उलगडतानाचा विरोध वरच्या घुंडीने कमी-जास्त होणारे. दुसरा पर्याय बिल्स्टीनचा होता, आणि तो सोडताना मला जरा जड गेलं. त्यांचा एकाच नळीचा, दाबाखाली नायट्रोजन भरलेला शॉकअब तापला तरी ढिला पडत नाही. पण एक, त्याची मांडणी ठरलेली असते आणि मला रस्त्यावर जुळवायची मोकळीक हवी होती. दोन, एकाच नळीच्या शॉकअबमध्ये पिस्टन बाहेरच्या नळीतच घासत चालतो, त्या नळीला दगड लागून पोचा आला तर तो अडतो. दोन नळ्यांच्या कोनीत बाहेरच्या नळीला छोटा पोचा आला तरी आतली शाबूत राहते.

कोनीच्या या शॉकअबवर स्प्रिंगची बशी बसवायला खाचा असतात. बशी एक खाच खाली घेतली, म्हणजे गाडी मूळपेक्षा साधारण १० मिमी खाली. डॉक्टरांच्या डोळ्यांना तेवढं तरी हवं होतं.

हिशेब असा झाला. गाडी २५ मिमी वर आली, ते शॉकअबच्या दांड्यावर १९ मिमी. ठोकळा आखूड केला, त्याचे २४. आधीचे ४. एकूण ४७ मिमी मोकळी चाल पुढे, चाकाजवळ मोजली तर ६० च्या वर. आधी चाकाला पाच-सहा मिलिमीटर होती.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून बदलेल असा फेरफार करता येत नाही. जागच्या जागी, त्याच मापाचा शॉकअब बदलणं त्यात येत नाही असं मी मानतो. तरी डॉक्टरांना विमा कंपनीला लेखी कळवायला लावलं. गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, दर पाच वर्षांनी आरटीओत नूतनीकरणाला उभी राहणार. तिथे खालून ओरबाडलेल्या गाडीपेक्षा सरळ उभी असलेली बरी.

माल यायला तीन आठवडे गेले. सगळं मिळून, कस्टम आणि मजुरीसकट, खर्च एक लाख दहा हजारांच्या घरात.

काम

या गाडीचे पुढचे शॉकअब सरळ निघत नाहीत. वरच्या आर्ममधून आरपार गेलेला एक लांब बोल्ट काढावा लागतो, मग आर्म बाजूला करून शॉकअब स्प्रिंगसकट बाहेर येतो. कोरड्या गावात अर्ध्या तासाचं काम. इथे खारी हवा वीस वर्षं त्या बोल्टाशी बोलत होती. डावा निघाला. उजवा डोक्याकडून फिरायचा, पण आर्मच्या रबरी बुशमधल्या नळीसकट. रात्रभर तेल पाजलं, सकाळी थोडी आच दिली, मामांनी घणाचे तीन घाव घातले आणि तो सुटला. त्याच दिवशी मागचा अलाइनमेंटचा, म्हणजे चाकाचा कोन जुळवायचा, कॅम बोल्ट मात्र सुटलाच नाही. शेवटी कापला. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर विचारून पाहिलं, एमएक्स-५ म्हटल्यावर लोक प्रेमाने हसले. डॉक्टरांचा भाचा लंडनहून येणार होता. त्याच्या बॅगेतून बोल्ट आला, चितळ्यांची बाकरवडी त्याच बॅगेतून परत गेली.

एका गोष्टीवर माझं आणि मामांचं वाजलं. आर्मच्या बुशांत रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पिळतं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट घट्ट केले, तर गाडी खाली ठेवताच रबर पिळलेल्या अवस्थेत बसतं. सस्पेन्शन कडक लागतं आणि बुश लवकर फाटतात. म्हणून बोल्ट हातापुरते लावायचे, चाकाखाली फळ्या घालून गाडीचं वजन चाकांवर आणायचं आणि मगच पाना द्यायचा. मामा म्हणाले, “चाळीस वर्षं जॅकवरच आवळलेत, कोणी मेलं नाही.” मी म्हटलं, “मामा, मेले ते बुश.” त्यांनी फळ्या आणल्या, पण माझ्याशी जेवणापर्यंत बोलले नाहीत.

अलाइनमेंट चारही चाकांची केली. पुढे १ अंश, मागे दीडच्या आत उणा कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला, पुढची टोकं सरळ, मागची किंचित आत. नवे टायर, हवा २६.

माझी चूक

पुढच्या आणि मागच्या शॉकअबची घुंडी पूर्ण मऊ टोकापासून एकेक फेरा कडक केली आणि संध्याकाळी डॉक्टरांना घेऊन फ्रीवेवर निघालो. पांजरापोळचे जुळे बोगदे संपले, उंच भाग सुरू झाला, जोड येऊ लागले. गाडी दबली, उठली, थांबली. प्रत्येक जोडाला एकच ‘धप्’. स्टिअरिंग हातात भरलेलं. फ्रीवेच्या शेवटी ऑरेंज गेटपर्यंत डॉक्टर काही बोलले नाहीत, आणि मी मनात बिल लिहूनही टाकलं होतं.

परतताना एका शाळेसमोरच्या रबरी पट्ट्या लागल्या. पाच, ओळीने. पहिली मऊ, दुसरी बरी, तिसरी कडक, आणि पाचवीला मागून आपटलं. तोच आवाज नव्हता, ठोकळ्याचा होता, पण आपटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे.

गाळ्यात येऊन टाय बघितले. पुढे भरपूर जागा शिल्लक. मागे दोन्ही टाय ठोकळ्याला लागलेले. फ्रीवेवर एवढे मोठे जोड झाले, तिथे नाही, आणि बोटभर उंचीच्या पट्ट्यांवर चाल संपली कशी? रात्री झोपताना उलगडलं. उलगडणं हाच शब्द. ताशी २० किमीला गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते. दोन पट्ट्यांमधली फट ४५ सेंमी. चाकाला पट्टीवरून खाली यायला मिळतो सेकंदाचा बारावा भाग. मी उलगडण्याचा विरोध इतका ठेवला होता की चाक तेवढ्यात पूर्ण खाली येतच नव्हतं. पुढची पट्टी आली की अर्धवट दबलेला शॉकअब आणखी दबायचा. प्रत्येक पट्टीला गाडी थोडी थोडी खाली बसत जायची, जिन्याने उतरावं तशी. शेवटी ठोकळा. फ्रीवेवर जोडांमधे अंतर मोठं, तिथे चाकाला सवड मिळायची, म्हणून तिथे सगळं सुरेख.

म्हणजे हरवलेली चाल मी मोजून परत आणली होती आणि घुंडीच्या एका फेऱ्याने पुन्हा घालवली होती. मित्राच्या बत्तीस क्लिकवाल्या सेटला नावं ठेवून मीही तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी डिकीतला गालिचा उचलला. मागच्या शॉकअबचं डोकं तिथे असतं. घुंडी पूर्ण मऊवर आणून फक्त पाव फेरा पुढे दिली. पुढची अर्ध्यावर. त्याच पाच पट्ट्या, त्याच वेगाने, चार वेळा. मागचा टाय ठोकळ्याच्या ११ मिमी अलीकडे थांबला. फ्रीवेवर आता जोडानंतर अर्धा झोका जास्त येतो, हे खरं. डॉक्टरांना तो जाणवतो, मलाही. दोघांनी तो मान्य केला. घाटात जाताना मागची घुंडी पाव फेरा पुढे घ्यायची आणि परतल्यावर मागे, हे त्यांना दाखवून ठेवलं. घेतात की नाही, मी विचारलेलं नाही.

नंतर

दिवाळीनंतर वहिनी गाडीत बसल्या. पार्ले ते दादर, फुलबाजारापर्यंत. डॉक्टरांनी फोन करून सांगितलं की त्या काही बोलल्या नाहीत, आणि यातून मी काय समजायचं ते मला कळलं. मित्राचा सेट मित्राकडे गेला. आखूड स्प्रिंगा मी भंगारात टाकायला निघालो होतो, डॉक्टरांनी टाकू दिल्या नाहीत. त्या आता वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर आहेत.

पावसाळ्यात गाडी फारशी निघत नाही. सप्टेंबरात तपासणीला आली तेव्हा मागच्या डाव्या घुंडीत गंज धरू लागला होता. साफ करून ग्रीस लावलं, वर रबरी टोपी घातली. बुश ठीक. टाय जागेवर, फक्त पुढच्या उजव्या दांड्यावरचा ठोकळ्यापर्यंत गेलेला. कुठला तरी खड्डा पाण्याखाली होता. रिम वाचली.

मग डिसेंबरात एका रविवारी सकाळी फोन आला. या वेळी वहिनींचा. “गाडी परत तशीच आपटायला लागली हो. काल बोरिवलीला जाऊन आलो, माझी कंबर गेली.” माझ्या पोटात गोळा. शॉकअब गेला? ठोकळा तुटला? दुपारी गाडी आली. मामांनी काही न विचारता खिशातून गेज काढला आणि पुढच्या डाव्या चाकाला लावला.

छत्तीस. डॉक्टर म्हणाले, “अहो, पंपावरचा पोरगा म्हणाला, कमी आहे साहेब, भरून देतो.”

मामांनी चारही चाकांची हवा सोडून २६ केली. वहिनींनी गाळ्यातच एक चक्कर मागितली, बसल्या, पेट्रोल पंपापर्यंत जाऊन आल्या. बिल केलं नाही. दाराच्या पट्टीवरचा २६ मात्र लाल रंगाने गिरवून ठेवलाय.